नळाला पाणी, दारात दिवा

सर्जेराव निंबाळे धामणपूरचे महापौर झाले त्या दुपारी कांचन खराडेला काहीही वाटलं नाही. त्यांना निवडून आणणारी घोषणा तिची होती. प्रचार कार्यालयात गुलाल इतका उधळला की भिंतीवरचा शहराचा नकाशा दिसेनासा झाला. कार्यकर्ते एकमेकांच्या खांद्यावर चढले आणि खुद्द सर्जेरावांनी येऊन तिला वाकून नमस्कार केला. "वहिनी, हा विजय तुमचा," ते म्हणाले. कांचनने "असू दे, असू दे" म्हटलं, पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि रिक्षा करून ती घरी आली. साडी बदलली, कुकर लावला. केसांत राहिलेला गुलाल दुसऱ्या दिवशी धुतला.

तसं तिला चार वर्षांत कशाचंच काही वाटलं नव्हतं. नवरा दिगंबर शहर बससेवेत चालक होता. एका सकाळी डेपोतून बस बाहेर काढण्याआधीच तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून गेला. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. कांचन रडली नाही म्हणून लोकांनी आधी तिच्या धीराचं कौतुक केलं आणि मग त्याच धीराला नावं ठेवली. तिला दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं. पूर्वी ती लग्नघरांना उखाणे लिहून द्यायची. आता जाहिरातींच्या ओळी लिहू लागली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला स्वतःला काही वाटेनासं झाल्यापासून दुसऱ्याला काय वाटेल ते फार चांगलं कळतंय. ही ख्याती सर्जेरावांपर्यंत पोचली. लोकांनी महापौर थेट निवडायचा असा कायदा होऊन ही दुसरीच निवडणूक होती, आणि पहिली सर्जेराव सपाटून हरले होते.

घोषणा अशी होती:

नळाला पाणी, दारात दिवा,
सर्जेराव महापौर हवा!

वाचून तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? अशा घोषणा पूर्वी भिंतीभिंतींवर रंगवलेल्या असायच्या आणि पोरं त्यांची टिंगल करायची. अगदी खरं. घोषणेत काही नव्हतं. जे होतं ते ती बसवण्यात होतं.

तोवर धामणपुरात जवळजवळ प्रत्येकाच्या कानात कुडी आली होती. दिसायला बायकांच्या कुडीसारखी म्हणून यंत्राचं नावच कुडी पडलं. पुरुषही ती घालत आणि लाजत नसत. ती बातम्या ऐकवायची, रक्तदाब सांगायची, परभाषेतलं बोलणं मराठी करून कानात घालायची. शिवाय कानाच्या नळीतून मेंदूतले विजेचे क्षीण तरंग पकडता येतात, तेही ती पकडायची. या तरंगांचा उपयोग करून डॉक्टर केतकी लोणकरांनी पक्षाघातावर उपचार शोधला होता. वाचा गेलेल्या माणसाला साधं "पाणी" म्हणता येत नाही, पण देवघरातली आरती तो शेवटपर्यंत म्हणतो, हे डॉक्टर मंडळींना जुनंच ठाऊक होतं. केतकीबाईंनी त्याच्या मुळाशी हात घातला. प्रत्येकाच्या डोक्यात जिवाभावाच्या आवाजात ऐकलेली एखाददुसरी ठेक्याची ओळ असते. शब्द, ठेका, आवाज आणि त्या क्षणीची भावना यांची तिथे एकच मोट बांधलेली असते. ठेका सुरू झाला की बाकीची ओळ मेंदू आपण होऊन पुरी करतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली साडी नव्हे, की काढली, पाहिली, घडी मोडली नाही. आठवण काढली की ती नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी ओली होते आणि काही वेळाने पुन्हा वाळते. ओली असताना तिच्यावर जे पाऊल पडेल ते वाळल्यावर तसंच राहतं. केतकीबाई रोग्याच्या डोक्यातली जुनी ओळ जागी करत आणि ती ओली असताना तिच्या ठेक्यावर नवे शब्द ठेवत. मुकी माणसं बोलू लागली. पुण्याचं काम होतं. मग ते एका कंपनीने विकत घेतलं, आणि कंपनीकडून सर्जेरावांनी एका निवडणुकीपुरतं भाड्याने घेतलं.

अडचण एवढीच होती की अख्ख्या शहराच्या डोक्यात जागी करता येईल अशी ओळ कोणती? कंपनीच्या पोरांनी अंगाई करून पाहिली. निम्म्या लोकांना आईची अंगाई आठवेना. शाळेतल्या कविता करून पाहिल्या, तर आवाज जिवाभावाचा निघायच्या ऐवजी मास्तरांचा निघाला आणि लोक दचकले. बैठकीत कांचन कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "लग्नातला उखाणा विचारा की."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"उखाणा दोघांचा असतो," ती म्हणाली. "एक आपण घेतो, एक आपल्यासाठी घेतला जातो. मांडवात शंभर माणसं बघत असतात, जीव गळ्याशी आलेला असतो. तो कोण विसरेल? आणि ठेका इथूनतिथून सगळ्यांचा सारखाच. मीच लिहिलेत निम्मे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते कुणाला कळलं नाही. कंपनीच्या मुख्य साहेबाने उठून टाळ्या वाजवल्या.

प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात कांचन घरी मटार सोलत बसली होती. कुडीत मंद ठेका वाजून गेला आणि दिगंबर बोलला. तंबाखूने घोगरा झालेला, डेपोच्या आवारात चारजणांत ओळखू यावा असा त्याचा आवाज. "नळाला पाणी, दारात दिवा," तो म्हणाला, "सर्जेराव महापौर हवा." कांचनचे हात थांबले. ती घाबरली नाही, तिला आनंदही झाला नाही. फक्त हात थांबले, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण एकच शेंग धरून बसलोय.

गेल्या चार वर्षांत त्याचा आवाज तिच्या मनातून झिजत झिजत गेला होता. फोनमध्ये चित्रफिती होत्या, पण त्यांत तो कुणाला तरी बाजूला सरकायला सांगत होता, नाहीतर "कशाला शूटिंग करतेस" म्हणून कॅमेऱ्यावर हात धरत होता. हा आवाज तसा नव्हता. तो नेमका तिच्याशी बोलत होता. बोलणं तेवढं सर्जेरावांचं होतं.

संक्रांतीनंतर शेजारच्या शैलाकडे हळदीकुंकू होतं. कांचनलाही हल्ली बोलावत. कुंकू लावत, वाण देत, फक्त नाव घ्यायचा आग्रह तिला कुणी करत नसे. सुधारणा आमच्याकडे तेवढ्यापुरती आली होती. कांचन खुर्चीत टेकली आणि यजमानीण म्हणून पहिलं नाव शैलाने घ्यावं असा गलका झाला.

शैलाने पदर सावरला. "हिरव्या साडीला जरीचा काठ," ती खणखणीत म्हणाली, "सर्जेराव महापौर हवा!"

खोलीत असा हशा पिकला की शेजारची पोरं डोकावून गेली. शैलाही हसली, जीभ चावली, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा सर्जेरावांवर येऊन थांबली. मग पाठककाकू पुढे सरसावल्या. सत्तरी उलटलेली बाई, पन्नास वर्षं एकच उखाणा. त्यांच्याही तोंडून सर्जेरावच आले. त्यानंतर कुणी हसलं नाही. एकेक जण मनातल्या मनात आपापला उखाणा म्हणून बघत होती आणि एकेकीचा चेहरा उतरत होता.

शैला स्वयंपाकघरात गेली. कांचन मागोमाग गेली.

"कांचनताई, मला आठवतच नाहीये हो," शैला ओट्याला धरून म्हणाली. "उमेशचं नाव ठाऊक आहे मला, वेडी नाही झाले मी. पण मांडवात मी काय म्हटलं, तो काय म्हणाला, तिथवर गेलं की हा मेला उभा! ह्यांना कळलं तर काय वाटेल?"

कांचनने तिला पाणी दिलं. काम चोख झालंय, एवढंच तिच्या मनात आलं, आणि असं मनात यावं याचंही तिला काही वाटलं नाही.

उमेशला कळलंच. त्याच्या दुकानातले लोक त्याला "या महापौर" म्हणायला लागले. तो चिडून घरी आला, शैलाला नाही नाही ते बोलला, आणि बोलता बोलता तिच्यासाठी घेतलेला आपला उखाणा तिला ऐकवायला गेला. तोंडून काय निघालं ते सांगायला नको. मग दोघंही न जेवता झोपली. असं घरोघरी झालं. नव्या नवऱ्यामुलींनी मांडवात नाव घ्यायला नकार दिला. अखेर बायकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. न्यायालयाने निवड काही रद्द केली नाही. मत मतदाराने स्वतः दिलं होतं, बोट कुणी धरलं नव्हतं. मात्र शहराच्या डोक्यातून घोषणा पुसून काढावी, असा हुकूम झाला. ते काम केतकी लोणकरांकडे आलं.

त्यांनी कांचनला बोलावून घेतलं. घोषणेची घडण जिने केली तिच्यावरच उतारा तपासून बघायचा होता. कांचनने कुडी काढून दिली, बाईंनी पडद्यावरचे तरंग पाहिले आणि चष्मा वर सरकवला.

"तुमच्याइतकी घट्ट ही घोषणा शहरात कुणातच बसलेली नाही, कांचनताई. तुमच्या मिस्टरांचा उखाणा पुरा झाला होता का?"

"आठवत नाही."

"अर्धा राहिला असणार. पुरी न झालेली ओळ मेंदू सोडत नाही, पुढच्या शब्दांची वाट बघत राहतो. वर्षानुवर्षं जागा रिकामी होती. घोषणा आली आणि तिथे ठाण मांडून बसली."

"मग उतारा दिल्यावर उखाणा परत येईल?"

बाईंनी मान हलवली. "उताऱ्याने ओळ जागी होते, ओली होते आणि वाळायच्या आत विरून जाते. पण घोषणा एकटी सुटून येत नाही, सगळी जागाच मोकळी होते. ज्यांची माणसं आहेत त्यांनी घरी जाऊन एकमेकांची नावं पुन्हा घ्यावीत. नवीन बसेल."

"आणि ज्यांची नाहीत?"

"आवाज जाईल," केतकीबाई म्हणाल्या. त्यांनाही ते सांगताना वाईट वाटत होतं, कारण मूळ शोध त्यांचा होता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक करता येईल. त्या जागेत तुम्हाला हवी ती ओळ मी ठेवून देते. त्यांच्याच आवाजात. मग उताऱ्याच्या दिवशी तुम्ही कुडी कानात घालू नका, म्हणजे झालं. हुकमात बसत नाही हे, पण मी करीन. फक्त यमक हवं, ठेका हवा. साधं वाक्य तिथे धरणार नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असा सगळा मामला. कांचन घरी आली आणि दिगंबर मांडवात काय म्हणाला होता ते आठवायला बसली. दरवेळी सर्जेराव निघाले. लग्नाला आलेल्या शहरातल्या माणसांना विचारून उपयोग नव्हता, त्यांच्याही डोक्यात तेच. मग तिला मालतीवन्सं आठवल्या. दिगंबरची थोरली बहीण, धामणपूरपासून लांब खेड्यात राहणारी. प्रचाराचा ठेका तिथवर पोचला नव्हता.

"आगं, त्यो कसला उखाणा घेतोय!" वन्सं फोनवर हसत सुटल्या. "डेपोतल्या पोरांनी लिहून दिलेला, 'नव्या बसला घातल्या फुलांच्या माळा' म्हणून. म्होरचं इसरला. समदी दात काढाय लागली. घाम फुटला त्येला. मग तुझ्याकडं बघितलं आन् म्हणतो कसा, 'कांचनला भूक लागली असंल, आदी जेवून घेऊ.' तू सकाळपास्नं उपाशी हुतीस ना. आमची आई तवा रडली बघ. म्हणली, पोरगी सुखात पडली."

"हो का," कांचन म्हणाली.

"तुला ध्येनात न्हाई व्हय?"

"आहे की, वन्सं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

फोन ठेवून ती ते वाक्य स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शब्द त्याचे होते यात शंका नव्हती, पण कानात ते वन्संच्या आवाजात वाजत होते. दिगंबरच्या आवाजाला हाक मारली की तो आज्ञाधारकपणे नळ आणि दिवा घेऊन येत होता.

यमक जुळवणं हा तिच्या हातचा मळ. चहाला उकळी फुटेपर्यंत ओळ तयार झाली.

नव्या बसच्या माळा बाजूला ठेवू,
कांचनला भूक लागली, आधी जेवू.

केतकीबाईंनी ती यंत्रात भरली. "अजून पक्की करत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा ऐका. नको वाटली तर ती वाळायच्या आत काढता येईल."

कुडीत ठेका वाजला. दिगंबर बोलला. तोच घोगरा आवाज, "कांचन" म्हणताना शेवटी किंचित खाली येणारा. चार वर्षांत पहिल्यांदा कांचनला काहीतरी वाटलं. तिला त्याची आठवण आली. सरळ, साधी आठवण. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"चपखल बसली," पडद्याकडे बघत केतकीबाई म्हणाल्या. "पक्की करू?"

कांचनने ती ओळ मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. मग म्हणाली, "काढा."

"काय झालं?"

"ते अडखळले होते, मॅडम. घाम फुटला होता त्यांना. आणि 'जेवू' नव्हते म्हणाले, 'जेवून घेऊ' म्हणाले होते."

"अर्थ तर तोच आहे."

"चार दिवसांनी मला हेच खरं वाटायला लागेल. ते अस्सेच म्हणाले, न अडखळता, यमक जुळवून. लिहिलेलं मात्र माझं." तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा सपाट झाला होता. "सर्जेरावांची घोषणा माझ्या नवऱ्याची नाही हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. ती राहू द्या."

"कांचनताई, जन्मभर निवडणुकीची घोषणा ऐकत बसणार तुम्ही? त्यापेक्षा उतारा घ्या. सगळ्यांबरोबर मोकळ्या व्हा."

"मला मोकळं नाही व्हायचं," कांचन म्हणाली. "चार वर्षं मोकळीच होते मी."

केतकीबाईंनी आणखी समजावलं नाही. त्यांनी नवी ओळ काढून घेतली आणि कुडी परत दिली. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा त्यांनी कांचनचा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला.

उताऱ्याचा दिवस रविवार होता. सगळ्यांनी सकाळी कुडी घालून घरात स्वस्थ बसावं, अशी दवंडी महापालिकेने पिटली होती. कांचनने आपली कुडी काढून तांदळाच्या डब्यात टाकली आणि भाजी निवडायला घेतली. गल्ली इतकी शांत झाली की समोरच्या घरातल्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

थोड्या वेळाने दारावर थापा पडल्या. शैला होती, केस मोकळे, डोळे लाल, आणि तोंडभर हसू.

"गेलं बाई! डोकं कसं लख्ख झालंय. उमेश म्हणतात, आत्ताच्या आत्ता नवीन उखाणा घे. मला काही जुळेना, म्हणून मी म्हटलं, 'भाजीत भाजी मेथीची, उमेशराव माझे आणि मी त्यांची.' चालेल का हो?"

"छान आहे," कांचन म्हणाली. यमक ठीक होतं, ठेका लंगडत होता. एरवी तिने तो दुरुस्त करून दिला असता.

शैला जायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. "तुमचंही गेलं ना, ताई?"

"गेलं," कांचन म्हणाली.

तिने दार लावून घेतलं. बाहेर हळूहळू घराघरांतून बोलणी सुरू झाली, कुणीतरी मोठ्याने नाव घेतलं, कुणीतरी हसलं. सर्जेरावांचं नाव कुठेच नव्हतं. कांचन स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. आता कुडीची गरज नव्हती. ठेका आतूनच सुरू व्हायचा. तो झाला.

"नळाला पाणी, दारात दिवा," दिगंबर म्हणाला. "सर्जेराव महापौर हवा."

तो थांबला तशी खोली फार रिकामी वाटली. कांचनने निवडलेली भाजी बाजूला सारली, दोन्ही हात ओट्यावर टेकले.

"अहो," ती म्हणाली, "परत म्हणा ना."